तार रिकामी होती

दिवाळी अंकाचे संपादक दर वर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि मी दर वर्षी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या गमती लिहून देतो. ट्रंक कॉलवर भांडणारे व्यापारी, भलत्याच लग्नघरी लागलेला फोन, उंदरांनी कुरतडलेली केबल. लोक हसतात, संपादक खूश होतात. पण निवृत्तीनंतर मी जे काम केलं, ज्यात माझं मन नोकरीपेक्षाही जास्त रमलं, त्याबद्दल मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. कोणी विचारलं तर "फार तांत्रिक आहे, कंटाळाल" म्हणून विषय बदलत आलो. त्यातलं तांत्रिक पाटाच्या पाण्याइतकं सोपं आहे. खरं तर त्या कामाबद्दल बोलायला लागलो की लहूचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं. लहू गेल्या उन्हाळ्यात वारला. ज्याला सांगायचं होतं तो आता ऐकायला नाही. निदान ज्यांच्यासमोर मी त्याला खोटं पाडलं त्यांना तरी खरं कळावं, म्हणून लिहितो.

निवृत्त होऊन मी नारायणगावला राहायला आलो, त्या सुमारास जुन्नर आणि आंबेगावच्या काही गावांनी मिळून इंटरनेटची सहकारी संस्था काढली होती. संस्थेचं नाव लिहीत नाही. ती आज चांगली चालली आहे. गावोगावच्या दूध डेअऱ्या, पतसंस्था, शाळा आणि घरं फायबरच्या तारेनं जोडायची, असं काम. प्रत्येक गावात एक पेटी. तारा त्या पेटीत येतात आणि आलेला संदेश कोणत्या तारेनं पुढे पाठवायचा ते पेटी ठरवते. सुरुवातीला या पेट्या ज्याच्या त्याच्या बुद्धीनं चालायच्या. कुठे काही बदलायचं तर मोटारसायकल काढून मला गावोगाव हिंडावं लागे. ओतूरला बदल केला की घोडेगावची पेटी रुसे.

मग मी वाचत गेलो आणि एक नवी पद्धत कळली. पेट्यांची बुद्धी काढून घ्यायची आणि सगळी बुद्धी एका ठिकाणी, नारायणगावच्या ऑफिसातल्या एका संगणकात ठेवायची. त्याला कंट्रोलर म्हणतात. पाटाचं उदाहरण देतो. समजा पाटातून फुटणाऱ्या प्रत्येक चारीवर पाणी सोडणारा एक पाटकरी बसवला आहे, पण त्याला शिवारातलं काहीच माहीत नाही. पाणी आलं की तो नारायणगावला फोन लावतो, "हे कुणाचं, कुठलं दार उघडू?" नारायणगावहून सांगतात, "अमक्याचं, डावीकडचं दार." तो तसं करतो आणि ते लक्षात ठेवतो, म्हणजे त्याच शेताचं पाणी पुन्हा आलं तर विचारायला नको. पण त्याची स्मरणशक्ती बेताची. एखादं दार काही वेळ वापरलं गेलं नाही तर तो ते विसरून जातो, नव्याला जागा करतो. किती वेळानं विसरायचं, तेही नारायणगावच ठरवणार. बस, एवढंच. पाण्याच्या जागी संदेश म्हणा आणि पाटकऱ्याच्या जागी पेटी.

ही पद्धत मी स्वतः शिकून, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभी केली. साठी उलटलेल्या माणसाला याचा केवढा आनंद झाला असेल ते सांगत नाही. आळेफाट्याजवळ रस्त्याच्या कामात जेसीबीनं आमची मुख्य तार तोडली तेव्हा कंट्रोलरनं सगळी वाहतूक दुसऱ्या बाजूनं वळवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या दिवशी मला एकच फोन आला, एका कांदा व्यापाऱ्याचा. "आप्पा, शेजारच्या वखारीत माझ्यापेक्षा नेट जोरात पळतंय, त्याचं थोडं कमी करता येईल का?" येत होतं, बसल्या जागी येत होतं. केलं नाही, पण येतं या विचारानं दिवसभर बरं वाटलं.

लहूची आणि माझी ओळख मेंढरांमुळे झाली. राजुरीच्या पलीकडच्या एका गावाला आम्ही सुरुवातीला तार नेली नव्हती, खांबावर डिश लावून जोडलं होतं. ती जोडणी रोज दुपारी तुटायची आणि संध्याकाळी आपोआप यायची. मी डिश बदलली, वायर बदलली, उन्हाला दोष दिला. शेवटी एक दिवस भर दुपारी जाऊन पाहिलं तर खांबाच्या भोवती मेंढरं सावलीला बसलेली आणि एकेक उठून खांबाला पाठ घासतंय. डिश डोलत होती. मेंढरांजवळ पस्तिशीचा एक माणूस उभा होता.

"कुणाची मेंढरं ही?" मी जरा आवाज चढवून विचारलं.

"माज्या चुलत्याची. तुमी डिशवाले का? मंजी आमी रोज ज्याला शिव्या देतो ते तुमीच म्हना की."

दुसऱ्या दिवशी त्यानं बाभळीच्या काट्या आणून खांबाला बांधल्या आणि तक्रार मिटली. मी त्याला संस्थेत घेतलं. लहू त्या गावचा आमचा माणूस झाला. पेटी, तारा, घराघरातली जोडणी तो बघायचा. त्याच्या घरात मेंढरांमागे न जाता काम करणारा तो पहिलाच. खिशाला टेस्टर लावून गावातून चालायचा तेव्हा त्याची चाल वेगळी असायची, हे मी पाहिलेलं आहे.

एकदा त्याच्याकडून चूक झाली होती, तीही सांगतो, कारण पुढे मी तिचा उपयोग केला. शाळेत जोडणी करताना एकाच वायरची दोन्ही टोकं त्यानं एकाच पेटीत लावली. याला आम्ही लूप म्हणतो. संदेश एका टोकातून निघून दुसऱ्या टोकातून परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो, आणि थोड्याच वेळात तार गच्च भरून सगळं बंद पडतं. मी त्याला समजावलं. त्यानं कान पकडले आणि त्यानंतर प्रत्येक वायरच्या टोकांना एकाच रंगाची चिकटपट्टी लावायला लागला.

बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या त्यानंतरची गोष्ट. लहूच्या गावची यात्रा होती. यात्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एवढी गर्दी होते की मोबाईलचा टॉवर मान टाकतो. म्हणून यात्रा कमिटीनं संस्थेला सांगितलं, घाटात पाहुण्यांसाठी मोफत वाय-फाय लावा. शिवाय गाडा किती सेकंदात धावला ते घड्याळावरून थेट मोठ्या पडद्यावर आणि सगळ्यांच्या मोबाईलवर दिसलं पाहिजे. मी हो म्हणालो. यात्रेत आलेल्या माणसाला आपल्याकडे उपाशी जाऊ देत नाहीत, तसं त्या गावानं कुणाला वाय-फायशिवाय ठेवलं नाही. पासवर्ड रंगवून मंडपाच्या कमानीलाच लावला होता.

"आप्पा, एवढी मानसं झेपतील का?" लहूनं आदल्या दिवशी विचारलं होतं.

"तार केवढी मोठी आहे माहीत आहे का? सगळा तालुका झेपेल. तू मंडपापर्यंत वायर टाक, बाकी मी इथं बसून बघतो."

यात्रेच्या दिवशी मी नारायणगावच्या ऑफिसात पडद्यासमोर बसलो होतो. दुपारपर्यंत सुरळीत चाललं. मग लहूचा फोन आला.

"आप्पा, नेट बसलं."

"लाईट आहे का?"

"हाय की. पेटीचं दिवं समदं लुकलुकत्यात. पन कुनाचं काय उघडंना. सेकंद पडद्यावर येईनात. लोक माज्याकडं बघत्यात."

मी पडद्यावर पाहिलं. त्याच्या गावच्या तारेत दहावा हिस्साही वाहतूक नव्हती. तार रिकामी होती आणि गाव बंद होतं. असं मी एक्स्चेंजच्या सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

"पेटी बंद करून चालू कर," मी सांगितलं. त्यानं केली, आणि आणखी बिघडलं. मग मी कंट्रोलर बंद करून चालू केला, तर आमच्या सगळ्या गावांचं इंटरनेट बसलं. डेअरीत संध्याकाळचं दूध घालायला आलेल्या बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

घाटात त्याच वेळी शेवटच्या बाऱ्या चालल्या होत्या. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. एका गाड्याचे सेकंद पडद्यावर उशिरा उमटले, आणि तोवर पुढचा गाडा धावून गेला होता. त्यामुळे पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या नावापुढे लागला. पुकारणाऱ्यानं तो वाचला. नंतर घड्याळवाल्यानं चूक सांगितली, पण जिंकलो म्हणून गुलाल उधळलेली माणसं आता ऐकणार कशी? पलीकडच्या गावचा गाडा होता तो. काठ्या निघाल्या. एकमेकांत सोयरिकी असलेल्या दोन गावांचं त्या वर्षी लग्नकार्याला जाणं-येणं थांबलं.

चार-पाच दिवसांनी संस्थेच्या ऑफिसात बैठक झाली. दोन्ही गावांचे लोक, यात्रा कमिटी, आमचे अध्यक्ष. लहू दाराजवळ उभा. मी कंट्रोलरबद्दल काही सांगायला सुरुवात केली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "आप्पा, गोल गोल नको. चूक यंत्राची का माणसाची? यंत्राची असेल तर ते आज काढून टाकू, पहिल्यासारखं करू."

ते माझं यंत्र होतं. काय बिघडलं ते मला माहीत नव्हतं, हे खरं. पण काय बिघडलं नव्हतं ते मला पक्कं माहीत होतं. लूप झाला असता तर तार गच्च भरली असती. तार रिकामी असल्याचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी म्हणालो, "मंडपातल्या वायरीचा लूप झाला असावा. शाळेत झाला होता तसा."

सगळ्यांनी लहूकडे पाहिलं.

"लहू, वायर तूच जोडली होतीस ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीच जोडली व्हती. पन टोकं बघून लावली व्हती, भाऊ."

"मग आप्पा काय खोटं बोलतात का?"

लहूनं माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो. "न्हाई," तो म्हणाला. "आप्पा म्हनत्यात तर तसंच आसंल."

त्याचं काम गेलं. पलीकडच्या गावचा एक जण बाहेर पडताना म्हणाला, "मेंढरं राखनाऱ्याच्या हातात वायरी दिल्यावर दुसरं काय व्हनार, राव." हे लहूनं ऐकलं. मीही ऐकलं.

यापुढचं वाचून मला कोणी निर्दयी म्हटलं तरी चालेल. घरी आल्यावर माझ्या मनात लहूपेक्षा ती रिकामी तार जास्त घोळत होती. वाहतूक नाही आणि तरी कोंडी, हे कसं? मी जुन्या लॅपटॉपवर तसंच छोटं नेटवर्क मांडलं. खोट्या पेट्या, खोटे मोबाईल. यात्रेत असतील त्याहून जास्त संदेश सोडले. कंट्रोलर हसत खेळत सगळं पेलून गेला. संदेश वाढवले, तरी पेलला. काही महिने मी हाच खेळ खेळत होतो. बायको म्हणायची, "गाडं बंद पडलं तर माणसं रडतात, तुमचं बंद पडेना म्हणून तुम्ही तोंड पाडून बसलाय."

उत्तर मिळालं ते आंबेगाव तालुक्यातल्या एका गावच्या घाटात. पुढच्या वर्षीच्या यात्रेत मी मुद्दाम गेलो आणि उतारावर माणसांत जाऊन बसलो. मला शर्यतीतलं फारसं कळत नाही. शेजारी टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ होते, ते मला सांगत होते. पुढे घोडी, मागे बैल. निशाण पडलं. हजारो माणसं, पण एकाचीही नजर हलत नव्हती. कोणी मोबाईलला हात लावत नव्हतं. गाडा वर गेला, धुळीचा लोट उठला, पुकारणाऱ्यानं नाव घेतलं, आणि सगळ्या घाटाची मान एकदम खाली गेली.

"काढा की पावणं मोबाईल," म्हातारे म्हणाले. "सेकंद नगं का बघाया? यिडिओ बी येतो लगीच."

मी मोबाईल काढला नाही. मी माणसं बघत होतो. दोन-तीन श्वास सगळ्यांच्या माना खाली, मग पुन्हा वर. पुढचा गाडा जुंपेपर्यंत गप्पा, तंबाखू, शेंगा. मग निशाण, शांतता, धूळ, आणि पुन्हा सगळ्या माना एकदम खाली.

"पावणं, तुमचा गाडा हाय का ह्याच्यात?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "न्हाई, तुमी लई घामेजला म्हनून म्हनलं."

मी घरच्या प्रयोगात संदेश सारखे सोडत होतो, नळाच्या धारेसारखे. घाटातली माणसं तशी विचारत नाहीत. ती सगळी एकाच क्षणी विचारतात आणि मग गप्प बसतात. माझ्या पडद्यावरचा आलेख पाच पाच मिनिटांची सरासरी दाखवायचा, म्हणून तो शांत दिसत होता. बिघाड सरासरीत नव्हताच, त्या दोन-तीन श्वासांत होता. तार रुंद होती, पण प्रत्येक नव्या प्रश्नाला पेटी नारायणगावला विचारणार आणि नारायणगाव एका वेळी एकाला उत्तर देणार. पाटकऱ्याचे हजारो फोन एकदम आले तर फोनची तार कितीही चांगली असू दे, उचलणारा एकच असतो. उत्तर यायला उशीर झाला की पेट्या तोच प्रश्न पुन्हा पाठवत, आणि रांग आणखी वाढे.

आणि एक गोष्ट मला तिथेच, शेंगा सोलता सोलता उमगली. पेटीनं किती वेळानं विसरायचं, ते मीच ठरवलेलं होतं. पेटीतली जागा वाचावी म्हणून मी तो वेळ फार कमी ठेवला होता. दोन बाऱ्यांमध्ये गाडा जुंपायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक बारीला पेटी मागचं सगळं विसरलेली असायची आणि सगळ्यांचं सगळं नव्यानं विचारायची. पेटी बंद-चालू कर असं मी लहूला सांगितलं, तेव्हा उरलंसुरलंही पुसून टाकलं. कंट्रोलर बंद-चालू केला, तेव्हा सगळ्या गावांच्या पेट्या एकदम विचारायला लागल्या. यात लहूची वायर कुठेच येत नव्हती.

घरी येऊन तसं करून पाहिलं. बाऱ्या लावल्या. चौथ्या की पाचव्या बारीला कंट्रोलर बसला. खोटं कशाला सांगू, मी टाळी वाजवली. मग लक्षात आलं की मी कशावर टाळी वाजवतोय.

उपाय अवघड नव्हता. पाटाला पाणी सुटायच्या आधी पाळी ठरलेली असते, म्हणून दर शेताला ऑफिसात विचारावं लागत नाही. तसे नेहमीचे रस्ते मी पेट्यांना आधीच शिकवून ठेवले. विसरण्याची वेळ वाढवली. आणि सगळा भार एका संगणकावर न ठेवता घोडेगावला दुसरा कंट्रोलर बसवला. आंबेगावच्या पेट्या त्याला विचारतात, जुन्नरच्या नारायणगावला, आणि ते दोघं एकमेकांना फक्त हद्दीवरचं विचारतात. एकच मेंदू असावा या कल्पनेवर माझं प्रेम होतं, ते मी आवरलं. त्यानंतर किती यात्रा झाल्या, नेट बसलं नाही. वार्षिक सभेत संस्थेनं मला शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्ष म्हणाले, "आप्पांनी यंत्र असं मजबूत केलं की आता कुणी वायर उलटी लावली तरी काही होणार नाही." लोक हसले. माइक माझ्या हातात आला. मी संस्थेचे आभार मानले आणि खाली बसलो.

लहू तोवर चुलत्याच्या मेंढरांमागे गेला होता. मी त्याला भेटायला गेलो त्याला आता दोन वर्षं होतील. लेण्याद्रीच्या अलीकडे एका शेतात त्यांचा वाडा बसला होता. शेताला खत मिळावं म्हणून मेंढरं रानात बसवतात ना, तसा. जाताना काय बोलायचं ते मी मनात पक्कं केलं होतं. लांबड लावायची नाही, कारणं द्यायची नाहीत.

त्यानं लांबूनच ओळखलं. घोंगडी झटकून अंथरली. त्याच्या बायकोनं शेळीच्या दुधाचा चहा केला. तिला तो सांगत होता, "ह्ये आप्पा. ह्यांनीच मला वायरीचं काम शिकवलं." ती डोक्यावरचा पदर सारखा करून नुसती हसली.

मेंढरांचं, पावसाचं, माझ्या गुडघ्यांचं बोलणं झालं. चहा संपला. मी कप खाली ठेवला आणि सुरुवात करणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "आप्पा, एक इचारू का? राग न्हाई ना येनार?"

"विचार ना."

"त्या दिशी मंडपातली वायर नेमकी कुठं उलटी लागली व्हती? लई डोकं लावलं मी. मेंढरामागं हिंडताना दुसरं काम तरी काय आसतंय? पार शाळंपास्नं मंडपापातुर वायर मनात धरून चालत जातो. दोनी टोकं बघितल्याली आटवत्यात. निळी पट्टी व्हती. मग आपलं चुकलं कुठं, त्येच घावंना. एकदा कळलं आसतं म्हंजी मन मोकळं झालं आसतं." मग जरा थांबून म्हणाला, "दोन गावात भांडान लागलं माज्यापायी. तुमचं बी नाव खराब झालं. मला माफी मागायची व्हती, पन ऑफिसात यायची लाज वाटायची."

तो खरंच विचारत होता. मला जसं रिकाम्या तारेचं कोडं पडलं होतं, तसं त्याला त्या वायरीचं पडलं होतं. माझ्या कोड्याचं उत्तर मला घाटात सापडलं. त्याच्या कोड्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, माझ्या तोंडात तयार होतं.

मी म्हणालो, "असू दे लहू. होतं माणसाकडून."

त्याचा चेहरा उजळला. "तुमी मनात न्हाई ठेवलं, लई बरं वाटलं," तो म्हणाला आणि मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. चालताना त्यानं माझा हात धरला होता, ढेकळांत मी अडखळू नये म्हणून. एसटी येईपर्यंत तो उभा राहिला. तेवढ्या वेळात कितीदा तरी म्हणता आलं असतं. दोनच वाक्यं होती. वायर कुठेच उलटी लागली नव्हती, लहू. मला माफ कर.